लांब पायांची मुंगी

वडिलांनी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड घातलं, मानेमागे गाठ मारली आणि मुलीला डोळ्यांनीच खुणावलं. आता हा कुठे पळत नाही, कर सुरू.

युक्ती त्यांचीच होती. मुलीला प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. फी मात्र आवाक्याबाहेरची. पदवीच्या मुलांचे तास घेणाऱ्याला विभाग फी माफ करायचा. त्यासाठी सोमवारी तिला प्राध्यापकांसमोर एक विषय शिकवून दाखवायचा होता, आणि चारचौघांनी बघितलं की या पोरीची बोबडी वळायची. नाहीच जमलं तर काय, हेही वडिलांनी ठरवून टाकलं होतं. शेजारचा मोबाइलवाला अर्धं सलून विकत मागत होताच. एका माणसाला दोन खुर्च्या लागतात कशाला, असं ते वर हसून म्हणायचे. मुलीला ते हसणं सहन होत नसे.

म्हणून हा सराव. गळ्याशी वस्तरा असलेला माणूस मधेच उठून जात नाही आणि शंकाही विचारत नाही, असं वडिलांचं म्हणणं. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकापुढे तिने सगळं एका दमात म्हणून टाकलं. दुसरा घोरायला लागला, त्याचा तिला आधारच वाटला. आता खुर्चीत बसलेल्याने तर पैसे देताना विचारलं, पोरीला बरं नाही का.

त्याच्यामागून मिशीवाले मामा आले. निवृत्त कंडक्टर. गल्लीत त्यांच्यापेक्षा त्यांच्या मिशीला जास्त मान होता. दर शनिवारी ते ती कोरून घ्यायचे, आणि कात्री चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

"मी मिशीसाठी आलोय," ते म्हणाले. "शाळेत बसायला नाही."

वडिलांनी गळ घातली. मामांनी डोळे मिटले, म्हणजे चालेल असं धरायचं.

मुलीने सुरुवात केली. वाळवंटात एक मुंगी असते. आसपास झाड नाही, खूण नाही, तापलेल्या वाळूवर वासाचा मागही टिकत नाही. तरी अन्नासाठी वाटेल तिथे भटकून ती नेमकी आपल्या बिळाशी परत येते. कशी? काही संशोधकांना शंका आली, ही पावलं मोजत असेल का.

मामांचा एक डोळा उघडला. मुलगी अडखळली. पण तो डोळा मिटेना, तेव्हा ती पुढे निघाली. त्या लोकांनी बिळापासून लांब गेलेल्या मुंग्या धरल्या आणि त्यांच्या पायांना राठ केसांचे तुकडे चिकटवले. एकेक पाय लांब झाला. मग त्यांना सोडून दिलं, जा घरी म्हणून.

तिने दम घेतला, आणि कात्रीचा आवाज झाला.

माझी पोर किड्यामुंग्यांचं शिकते, एवढंच वडील आजवर लोकांना सांगत आले होते. आज ते पहिल्यांदाच तिचं ऐकत होते, कानात प्राण आणून. हात मात्र आपलं काम करत राहिला होता. मिशीचं डावं टोक, चांगलं पीळ दिलेलं, पांढऱ्या कापडावर पडलं होतं.

वडिलांनी आजवर कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. ते माफी मागायला लागले. मामांनी आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या बडबडीपायी बाबांचं हक्काचं गिऱ्हाईक तुटलं, असं तिला वाटलं.

मामांनी कापडाखालून हात काढून वडिलांना गप्प केलं आणि खुर्ची मुलीकडे वळवली.

"मिशीचं नंतर बघू," ते म्हणाले. "ती मुंगी घरी पोचली का, ते सांग आधी."

अर्ध्या मिशीचा तो चेहरा तिच्याकडे रोखून बघत होता. वडील बघत होते. बाकावर वाट बघणाऱ्यानेही पेपर खाली घेतला.

"नाही पोचली," ती म्हणाली. "बीळ मागे टाकून पुढे निघून गेली. का, ते सांगते."