वाट विचारली म्हणून

माझा धाकटा दीर ज्ञानेश अमेरिकेत शिकागोजवळ नोकरीला आहे. त्याचा फोन यायचा तो आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाई गिताबाईंना. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, झालं. सासऱ्यांना मी मामा म्हणते, लेक आबा म्हणतात. त्यांच्या हातात फोन दिला की इकडे मामा खाकरायचे, तिकडे तो खाकरायचा आणि "बरं हाय" म्हणून बोलणं मिटायचं. बापलेकांत भांडण नव्हतं, पण बोलायला काही उरलंही नव्हतं.

म्हणून उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "वहिनी, आज आबांकडे द्या, काम आहे," तेव्हा माझी भाकरी तव्यावरच करपली.

काम असं होतं. त्याला शिकारीचा नाद लागला होता. तीही बंदुकीने नाही, धनुष्यबाणाने. घरामागे गवताच्या भाऱ्यावर चित्र लावून तो दोन वर्षं बाण मारत होता. आता त्याला दुसऱ्या राज्यात, कोलोरॅडोत, डोंगरातलं हरीण मारायला जायचं होतं. त्या हरणाचे कान खेचरासारखे लांब असतात म्हणे. परवान्यासाठी लॉटरी असते, आणि त्याला परवाना लागला होता.

"आबा, मी त्या डोंगरात कधी गेलो नाही. तुम्ही आयुष्यभर रानात हिंडलात. मला सांगा, नवीन रान कसं वाचायचं?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. आपल्यालाच विचारतोय ना, असं त्यांच्या तोंडावर होतं.

मामा धनगर. वडगाव रासाईला भीमेच्या काठी ऊस लावून आम्ही घरात बसलो त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हाच धंदा. ज्ञानेशला त्यातलं काही आठवत नाही. त्याला शाळेला घातलं तेव्हा मेंढरं जाऊन विहीर आली होती.

"रान कुणाचं हाय?" मामांनी पहिला प्रश्न विचारला.

"सरकारी आहे आबा. कुणीही जाऊ शकतं."

"सरकारी म्हंजी गार्ड आला की पळायचं."

"नाही हो! परवाना आहे ना. तंबू टाका, राहा, कुणी काही म्हणत नाही."

मामांना हे पटेना. त्यांची सगळी जिंदगी रानाच्या मालकाला "पाटील, एक रात बसू द्या" म्हणण्यात गेली होती. आमच्या गायरानाचं काय झालं ते तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ज्याच्या हातात ट्रॅक्टर त्याचं गायरान. इथे सशाला हात लावला तर फॉरेस्टवाले उचलून नेतात, आणि बिबट्या आमचं कुत्रं उसात ओढून नेतो तेव्हा आम्ही डबे वाजवायचे. अन् तिकडे परवाना काढून हौसेने हरणं मारायची! मला तर ते ऐकूनच चीड आली होती. पण मामांचा चेहरा असा उजळला होता की मी तोंड शिवून बसले.

तेव्हापासून दर रविवारी फोन. मी फोन धरायची, कारण मामांचं बोट लागून बोलणं बंद पडतं. ज्ञानेश नकाशे दाखवायचा, डोंगराचे फोटो दाखवायचा. मामा डोळे बारीक करून म्हणायचे, "फुडं सरकव. हां. ही वगळ कुठं जाती? पाणी कुठं हाय?" वगळ म्हणजे पाण्याने पडलेली घळ.

गंमत अशी की मामांनी आयुष्यात हरीण मारलेलं नाही. मेंढरं राखली, म्हणून लांडगा ओळखतात. लांडगा कुठून येईल याचा विचार करत रात्री काढलेला माणूस. तो आता लेकाला लांडग्याच्या बाजूने शिकवायला लागला होता.

"सकाळचं गार वारं डोंगरावरनं खाली येतंय, तवा तू वर ऱ्हायचं न्हाई. ऊन तापलं की वारं उलटं चढतंय, तवा वरनं उतरायचं. लांडगं असंच करतंय. आन् शेवटाला पायातलं काढ. एवढं मोठं कान हायती त्याला, उगं हायती व्हय?"

"आबा, इथले लोकपण तसंच करतात! त्यासाठी वेगळे मोजे मिळतात."

"मोजं कशाला? पाय हायत की."

दोघेही हसले. बाप आणि लेक एकदम हसलेले मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकले. आत्या चुलीपुढून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

मामांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. डोंगरात बर्फ पडतो हे त्यांच्या ध्यानातच येईना, आणि रोज संध्याकाळी जवळच्या वस्तीवर जाऊन ताक मागून घे, असं त्यांनी तीनदा बजावलं. ज्ञानेश "हो हो" म्हणायचा.

आणि एक दिवस मामा मला हळूच म्हणाले, "रुपाली, पासपोर्ट कुठं काढत्यात ग?"

मी समजले. धनगराच्या घरात आले म्हणून समजले, नाहीतर मलाही कळलं नसतं. यांच्यात नव्या मुलखात पहिल्यांदा मेंढरं न्यायची तर पोरगा एकटा जात नाही. घरातला म्हातारा त्या पहिल्या खेपेला बरोबर चालतो. पण पोराने "आबा, चला" असं म्हणायचं नसतं, ते बापाला कमीपणाचं. पोराने फक्त वाट विचारायची. कुठे उतरू, पाणी कुठे, वारं कसं. एवढं विचारलं की म्हातारा घोंगडी झटकतो आणि निघतो. वाट विचारणं हेच बोलावणं.

ज्ञानेशने दोन महिने वाट विचारली होती.

"मामा, भावजी तसं कुठं म्हणलं?" मी धीर करून विचारलं.

"असलं म्हणत नसत्यात, पोरी," ते म्हणाले, जसं काही मीच खुळी.

मी रात्री नवऱ्याला, संपतला, म्हटलं, "तुम्ही सांगा त्यांना. व्हिसा लागतो, ते येगळंच. आन् भावजींच्या मनात तरी हाय का?"

"तूच सांग. तुझं ऐकत्यात," म्हणून हा कुशीवर वळला. आमच्या घरात अवघड बोलणी सुनेच्या वाट्याला आणि मोठेपणा लेकांच्या. मी ज्ञानेशला मेसेज टाकला: मामा तुमच्याबरोबर यायचं मनात धरून आहेत, एकदा बोला. त्याने हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं. त्याला ती चेष्टा वाटली.

पासपोर्ट निघाला. पुण्याला मीच घेऊन गेले. फोटो काढताना मामांनी पागोटं काढायला नकार दिला, मग कुणीतरी समजावल्यावर काढलं आणि फोटोत ते दुसऱ्याच कुणासारखे दिसले. पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा अर्ध्या गावाला कळलं. पासपोर्ट हातात पडला तसा मामांनी त्याला बिरोबाचा भंडारा लावला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला. मग एका बाजाराच्या दिवशी दौंडला गेले ते बूट घेऊनच आले. शाकीरभाईच्या दुकानातले, घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे. जन्म वहाणांवर काढलेला माणूस.

"डोंगर दगडी हाय," ते म्हणाले. "शाकीर म्हणला, आप्पा, कुठं निघालाव? म्हणलं, पोराच्या रानात."

आत्यांनी शेंगदाण्याची चटणी कुटून बरणीत भरली. कुणाला काही न विचारता.

ऑगस्टातल्या एका रविवारी फोन आला. ज्ञानेशने सामान मांडून ठेवलं होतं, ते तो एकेक करून दाखवत होता. तंबू, दुर्बीण, पाठीवरची पिशवी, ते धनुष्य. त्याला चाकं आणि तारा होत्या, धनुष्य कसलं, सायकलच वाटत होती. मामा ताकाला जाऊन भांडं लपवणारे, पण त्या दिवशी त्यांनी भांडं बाहेर काढलं. पेटीतून पासपोर्ट काढून फोनपुढे धरला.

"ह्ये बघ."

"अरे वा, आबा! पासपोर्ट? कुठं निघालात?" तो हसला.

मामा पासपोर्ट तसाच फोनपुढे धरून राहिले.

हळूहळू त्याचं हसू उतरलं. "आबा... म्हणजे... अहो, परवाना माझ्या एकट्याचा आहे. आणि ब्रायन येतोय बरोबर. तंबू दोघांचाच आहे. तिथे उंचीवर श्वास लागतो, तुमच्या वयाला... आपण असं करू, पुढच्या वर्षी तुम्ही आणि आई या की इकडे. निवांत. मी सगळं दाखवतो."

ब्रायन हा त्याच्या ऑफिसातला. त्याने म्हणे आजवर रान पाहिलेलंच नव्हतं.

"न्हाई रं," मामा म्हणाले. "ब्यांकंत लागतंय म्हणून काढलाय. जन्मतारीख चुकलीया आधारला."

"हां, मग ठीक!" ज्ञानेशचा जीव भांड्यात पडला. त्याने ते लगेच खरं मानलं. मला बाकी कशाचं लागलं नाही इतकं ते लागलं. खोटं आहे हे आमच्या दारातल्या शेळीलाही कळलं असतं. पण त्याला सोयीचं होतं, म्हणून त्याला ते खरं वाटलं.

आणि पुढच्याच श्वासाला त्याने विचारलं, "बरं आबा, दुपारी ते जनावर बसतं तेव्हा तोंड कुठं करून बसतं?"

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरज सरलीही नव्हती. फोन आपटावा असं मला वाटलं. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "वारं पाठीवर घेतंय आन् तोंड उताराकडं." सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. मग पासपोर्ट पेटीत ठेवला, बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकले आणि शेळीला पाला घालायला गेले. चटणीची बरणी तशीच फळीवर राहिली. आत्यांनी ती जेवणात काढली नाही, आणि आम्ही कुणी मागितली नाही.

त्यानंतर दर रविवारी फोन आला की मामा उसात असायचे. बोलावलं तरी यायचे नाहीत. "दारं धरलंय म्हणावं, सरीचं पाणी सोडून येता येत न्हाई."

सप्टेंबरात एक दिवस सकाळीच फोन वाजला. रविवार नव्हता. मामा उसाला पाणी देत होते. ज्ञानेशचा आवाज ओळखू येत नव्हता.

"वहिनी, आबांना द्या. प्लीज. लवकर द्या."

मी बांधावरून पळत गेले. तिकडे रात्र होती. फोनवर तो दिसत नव्हता, नुसता अंधार आणि त्याचा श्वास.

"आबा, बाण लागला, पण मागे लागला. पोटात. ते पळालं. थोडं रक्त दिसलं, मग तेही नाही. ब्रायन म्हणतो जाऊ दे. आबा, ते कुठं गेलं असेल?"

मामांनी फावडं मातीत रोवलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, म्हातारा घरी नाही म्हणून सांग. मला तसंच हवं होतं. एकदा तरी त्यांनी त्याला तसं तोंडघशी पाडायला हवं होतं.

"पोटात लागलंय म्हणतोस," मामा म्हणाले. "मग वर चढायचं न्हाई. पाण्याकडं जाईल. पोटात आग पडती त्याच्या. आत्ता मागं लागू नगस, लागलास तर मरूस्तवर पळंल. उजाडलं की खालच्या वगळीनं जा. पाण्यापाशी झुडपाबुडी वाकून बघ. बसल्यालं असंल."

"थँक यू, आबा. मला वाटलं, तुम्ही—"

"तुझ्यासाठी न्हाई सांगत. जनावर हाल हाल होतंय म्हणून सांगतोय."

मामांनी मोकळ्या हाताने फावडं उपसलं.

"जन्मभर लांडग्याशी वैर केलं म्या," मामा म्हणाले, "पर लांडगं बी अर्धं मारून बापाला फोन लावत न्हाई. सापडलं तर फोन करू नगस. न्हाई सापडलं तरी बी करू नगस."

"आबा, चिडलात का?"

मामांनी फोन माझ्या हातात दिला. "बंद कर ग." मी केला. पाणी सरी फोडून बाहेर चाललं होतं. ते वाकून माती ओढायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी फोन उघडला तर ज्ञानेशने सगळ्यांना दिसेल असा फोटो टाकला होता. ओढ्याकाठी बसलेला, मेलेल्या हरणाची शिंगं दोन्ही हातांनी धरून हसणारा. खाली लिहिलं होतं: परराज्यातली पहिली शिकार, नकाशापासून बाणापर्यंत सगळी तयारी एकट्याने. लोकांनी शाबासकीचा पाऊस पाडला होता. आपलंच नाणं खोटं, दुसऱ्याला काय बोलणार.

मामा ओट्यावर चहा घेत होते. मी फोटो दाखवला नाही. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सापडलं का?"

"सापडलं."

"कुठं?"

"पाण्यापाशी."

"मेलं हुतं?"

"व्हय."

"सुटलं बिचारं," ते म्हणाले. चहा संपवून उठले, माळ्यावरचं खोकं काढलं आणि ओट्यावर बसून बूट पायात घातले. नाडीची गाठ त्यांना जमेना, म्हणून मी बांधून दिली. मग फावडं खांद्यावर टाकून निघाले.

"मामा, दारं धरायला चाललाव ना? नवं बूट चिखलात जात्याल," मी म्हटलं.

"जाऊ द्यात," ते म्हणाले. "आता ते घालून दुसरं कुठं जायाचंय."