चौथ्या मजल्यावरचा मुका फोन

मानसरोवर नावाच्या शहरी वसाहतीतल्या एका खासगी रुग्णालयात, चौथ्या मजल्यावर नातेवाइकांची ही गर्दी जमली होती. मधोमध भुतंखेतं उतरवणारे मौनीबाबा. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा क्षणभर थांबेल तर शपथ. त्यांनी प्रतिमा सिस्टरांचा, रुग्णालयाच्या वाय-फायवर चालणारा फोन उंच धरला. "देखो भैया, सिग्नल पूरा. फिर भी आवाज नहीं जाती. कौन रोकता है? आत्मा."

लोकांच्या अंगावर काटा आला. शेवटच्या खोलीत महिन्याभरात दोघं दगावले होते, आणि दोन्ही वेळा तिथून डॉक्टरांना लावलेला फोन मुका झाला होता. आता त्या खोलीत यमुनाबाई ऑक्सिजनवर होत्या. बाबांचा उपाय एकच: खोली रिकामी करा, बाईला आजच घरी न्या.

यमुनाबाईंचे यजमान भीमराव पुढे झाले. त्यांची उभी हयात रेल्वेच्या दूरसंचार खात्यात गेलेली. वॉकीटॉकी कुठे मुकी होते, ते रुळाकडेने चालत, आकडे म्हणत शोधायचं, ही जुनी सवय.

"सिस्टर, खाली फोन लावा आणि आकडे म्हणत चला," ते म्हणाले.

रुग्णालयाचं वाय-फाय बसवणारा इंजिनिअर कौशिक तळमजल्यावर फोन कानाला लावून ऐकत होता. सिस्टरांनी शेवटच्या खोलीकडचं वळण ओलांडलं आणि सतरानंतर त्याला काही ऐकू येईना. सिस्टरांना मात्र त्याचं "हॅलो" स्वच्छ ऐकू येत होतं.

"आत्मा एकाच बाजूचा आवाज खातो होय?" भीमरावांनी बाबांना विचारलं.

"प्रेत की लीला है जी," बाबा पुटपुटले.

कौशिक वर आला तो पडल्या चेहऱ्यानेच. "काका, चूक आमची. लॅपटॉप टेबलावर ठेवून सिग्नल मोजला. फोन कानाला लावून कोणी चाललंच नाही."

छतावरचा वाय-फायचा डबा पूर्ण ताकदीने ओरडत होता, म्हणून फोनवर सिग्नल पूर्ण दिसे. पण फोनची ताकद ती केवढी? त्याचा आवाज वळणापलीकडून डब्यापर्यंत पोचतच नव्हता. कौशिकने डब्याची ताकद उतरवली, म्हणजे फोन लांबच्या डब्याला चिकटून राहणार नाही, आणि खोलीपाशी दुसरा डबा लावला. सिस्टर पुन्हा चालल्या. साठपर्यंतचे आकडे खाली लख्ख ऐकू आले. बाबा तोवर लिफ्टमध्ये शिरले होते.

लोक हसले. भीमरावांना हसू येईना. "पहिला रोगी गेला तेव्हा कोणी तपासलं नाही?"

"सगळे म्हणाले, खोलीच वाईट आहे," सिस्टर म्हणाल्या. "मग कोण तपासतंय?"

मंडळी, भूत म्हटलं की तपास थांबतो, मरण थांबत नाही. आधी चालून बघा, मोजून बघा. तेव्हा कोणी एवढं केलं असतं, तर दुसरा रोगी कदाचित आपल्या पायांनी घरी गेला असता.