चौदा दिवसांचं पाणी

“हे बघा मावशी, सगळीकडची रेघ वर चढलीय आणि तुमची तेवढी खाली बसलीय!”

संशोधक मुलीने टेबलावर आलेख पसरला होता. तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर चहाचा कप ठेवला होता, दुसऱ्यावर स्वतःचं कोपर. तीन दिवस ती तलावाकाठच्या या दोन खोल्यांच्या वेधशाळेत बसून आपल्याकडचे आकडे जुन्या वह्यांशी ताडून बघत होती. आज तिचा चेहरा नुसता फुलला होता.

वाफबाईंनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. बावीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा. तारखा वाचल्या, पुन्हा एकदा वाचल्या.

वाफबाई हे नाव पाटबंधारे खात्यातल्या लोकांनी पाडलं होतं, आणि सव्वीस वर्षांत ते त्यांच्या अंगवळणीही पडलं होतं. अंगणात लाकडी चौकटीवर घंगाळासारखं एक पसरट पात्र होतं, त्यावर जाळी. रोज सकाळी साडेआठला, पात्रातल्या सुईच्या टोकाला पाणी टेकेपर्यंत मापाने पाणी घालायचं. जेवढं घालावं लागलं, तेवढं कालपासून हवेत उडालं. तो आकडा वहीत कालच्या तारखेपुढे लिहायचा. त्यांचे यजमान शेजारच्या पंपघरात मेकॅनिक होते. ते म्हणायचे, “मी पाणी वर चढवायचं आणि तू ते किती उडालं ते लिहायचं. आपल्या घरात पाणी टिकणार कसं?” आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचे.

“बाकीच्या तिन्ही केंद्रांवर त्या वेळी रोज अकरा-बारा मिलिमीटर उडत होतं,” मुलगी सांगत होती. “तुमच्याकडे सात, साडेसात. सलग चौदा दिवस! म्हणजे कडक उन्हातही एवढ्या मोठ्या तलावामुळे इथली हवा ओलसर राहत असणार. माझ्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण यावर उभं आहे.”

“आणि त्यावरून पुढे काय ठरणार?”

“बरंच काही. कोरड्या वर्षी शहराला किती पाणी द्यायचं ते ठरवताना उन्हाने उडणारं पाणी आधी वजा करतात. ते इथे कमी उडतं म्हटलं, तर शहराला जास्त कबूल करता येईल.”

“आणि कमी उडत नसलं तर?”

“तर तलाव वेळेआधीच तळ गाठेल.” मुलगी हसली. “पण तुमच्या वह्या आहेत ना! एक रकाना रिकामा नाही. खात्याचे साहेबच म्हणाले, वाफबाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

वाफबाई आपला कप उचलून मोरीत गेल्या. नळ सोडला आणि तो एकच कप किती तरी वेळ विसळत राहिल्या. बोलल्या नसत्या तर कुणाला काही कळणार नव्हतं. ही गोष्ट ठाऊक असलेले एकटे हेडक्लार्क कधीच वारले होते. नोकरीची दोन वर्षं उरली होती, तीही मानाने निघून गेली असती. त्यांनी नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या.

“ते आकडे खोटे आहेत.”

“कुठले?”

“तू बोट ठेवलंस ते. चौदाच्या चौदा. मी मनाने लिहिले.”

मुलीला आधी ती गंमत वाटली. मग वाटली नाही.

“आमच्या यजमानांचा ताप डोक्यात गेला होता,” वाफबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच राहिल्या. “चौदा दिवस मी दवाखान्यात, त्यांच्या उशाशी. वॉर्डाची खिडकी जिन्याकडे उघडायची. बाहेर काय आग पडलीय, मला पत्ताच नव्हता. चौदाव्या दिवशी दुपारी ते गेले. संध्याकाळी हेडक्लार्क घरी भेटायला आले, ते काखेत वही घेऊनच. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, ‘वहिनी, महिन्याचा तक्ता उद्याच्या टपालाने जायचाय. तुम्ही हंगामी. रकाने रिकामे दिसले तर जागाच बंद करतील. घाला काहीतरी.’ आदल्या आठवड्यात सात, साडेसात यायचे. तेच घातले.”

मुलीने आलेखावरचं कोपर उचललं. कागद आपोआप अर्धा गुंडाळला गेला.

“दोन वर्षं मी यावर घालवली, मावशी.”

“हो गं.”

“आणि मग बाकीच्या सव्वीस वर्षांवर तरी मी विश्वास कसा ठेवायचा?”

हा प्रश्न कधी ना कधी कुणीतरी विचारणार, हे वाफबाईंना बावीस वर्षं माहीत होतं.

“ते मी कोण सांगणार? तुझं तू बघ. पण त्या दिवसांचा एक आकडा माझ्याकडे खरा आहे. तो तरी लिहून घे.”

वाफबाई सांगत राहिल्या.

“दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. मला श्वास घेववेना. उठले आणि इकडे आले. बघते तर पात्रात दीड बोट पाणी उरलेलं. तेव्हा कळलं, मी काय लिहून बसलेय. मग तशीच गुडघ्यावर बसले आणि भरायला लागले. एक माप घातलं की पाणी दोन मिलिमीटर चढतं. साडेऐंशी मापं लागली. मोजत होते म्हणून रडू आलं नाही. चुकलं असतं ना.”

मुलीने कागदाच्या कोपऱ्यावर आकडेमोड केली. “एकशे एकसष्ट. म्हणजे दिवसाला साडेअकरा.” ती हळूच म्हणाली, “सगळीकडे होतं तेवढंच.”

“तेवढंच. पण तक्ता टपालात पडला होता. नंतर बोलायची छाती झाली नाही. कायम झाले, मग तर तोंडच शिवलं गेलं.”

मुलीने आलेख गुंडाळला, पिशवी उचलली आणि निरोप न घेता निघून गेली.

दोन दिवस ती आली नाही. वाफबाईंनी साहेबांना सगळं पत्राने कळवलं. चौकशी होईल, असं त्यांचं उत्तर आलं. साडेआठचं माप त्यांनी चुकवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी दारात उभी राहिली. डोळे जागरणाने सुजले होते.

“ते प्रकरण काढून टाकलं,” ती म्हणाली. “तुमची बाकीची वर्षं दुसऱ्या केंद्रांशी ताडून बघितली. ऊन, वारा, सगळं लावून. जुळतात. विश्वास म्हणून नाही सांगत. बघितलं म्हणून सांगते.”

“तसंच सांगायचं असतं.”

“ते चौदा दिवस मी रिकामे ठेवणार आहे. खाली एकशे एकसष्टची बेरीज देईन, आठवणीतली म्हणून वेगळी. पण मूळ वही तुम्हालाच दुरुस्त करावी लागेल. साहेबांचा निरोप आहे. आकडा खोडून सही, आणि शेऱ्यात कारण.”

वाफबाईंनी कपाटातून वही काढली. कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी शाईचं पेन उघडलं आणि एकेका आकड्यावर आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. प्रत्येकापुढे सही केली. मग शेऱ्याच्या रकान्याशी हात थांबला.

“‘निरीक्षक गैरहजर’ एवढं पुरे,” मुलगी म्हणाली. “पहिल्या ओळीत लिहा, खाली नुसत्या खुणा करा.”

वाफबाईंनी मान डोलावली. पण खुणा केल्या नाहीत. ‘निरीक्षक दवाखान्यात. पती आजारी.’ असं एकेका तारखेपुढे सावकाश, पूर्ण लिहीत गेल्या. तेरा वेळा तेच लिहिलं. चौदाव्या ओळीत लिहिलं, ‘पती वारले.’

मुलगी शेजारी उभी राहून वाचत होती. काही वेळाने तिने वहीच्या पुठ्ठ्याला हात लावला.

“मिटू का, मावशी?”

“थांब जरा,” वाफबाई म्हणाल्या. “शाई ओली आहे.”