म्हशाच्या जत्रेत मिरवलेली गाडी

मी शर्यतीची गाडी आहे, असं म्हणायची आता लाज वाटते. मी एकही शर्यत धावलेले नाही. जुन्या काळच्या एका गाडीसारखी दिसावी म्हणून मला घरी बनवलं. दिसायचं काम मी चोख केलं. माणूस नीट बसवायचं दुसरं काम होतं. ते माझ्याकडून झालं नाही. तेच सांगते.

आटगाव स्टेशनापासून आत, भातशेतीच्या कडेला असलेल्या एका घराच्या पडवीत मी जन्मले. मला बनवणारा वाल्मिक. हायवेच्या एका दुकानात तो वेल्डर होता. गोदामाच्या छपरावर काम करताना पायाखालचा सिमेंटचा पत्रा फुटला आणि तो खाली आला. जीव वाचला, कमरेखालचं सगळं गेलं. पाय हलत नव्हते, आणि पायाला किंवा बैठकीला काही टोचलं, भाजलं, रुतलं तरी त्याला कळत नव्हतं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

घरात आई छाया आणि धाकटा भाऊ शेखर. वडील आधीच गेलेले. शेखरनं नववीत शाळा सोडलेली. डोक्यात आलं की हात चालायचा, विचार मागून यायचा. भावाला उचलणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं हे सगळं तोच करायचा. कधी कंटाळला नाही. हे मी त्याच्या बाजूनं सांगत नाही, होतं ते सांगते.

वर्षभर वाल्मिक चाकाच्या खुर्चीत बसून समोरच्या बांधाकडं बघायचा. मग एक दिवस त्यानं शेखरला मोबाइलवर फोटो दाखवला. लांबलचक नाक, उघडी चाकं, एकाच माणसापुरती जागा. शंभर वर्षांपूर्वी परदेशात असल्या गाड्या शर्यतीत पळायच्या.

"ही करायची आपण."

"येडा झालास काय दादा? चालवायची कशी? पाय कुठं हाय तुला?"

"हात हाय ना दोन. आन् वेल्डिंग काय मी पायानं करायचो काय रे?"

शेखर इतका हसला की आई चुलीपुढून उठून बघायला आली.

मला बनवायला दोन वर्षं लागली. इंजिन भंगारातल्या एका छोट्या मोटारीचं. चाकं मोटारसायकलची, तारांची. पत्रा वाळूच्या गोणीवर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून गोल केला. वाल्मिक खुर्चीत बसून जोडायचा, शेखर पाइप धरायचा आणि ठिणग्या अंगावर उडाल्या की शिव्या द्यायचा. बॉनेट बांधायला बैलाच्या घुंगरमाळेचा चामडी पट्टा लावला. माझे लगाम मात्र सगळे हाताचे. उजव्या हाताला एक दांडा. पुढं ढकलला की ब्रेक, त्याची मूठ पिरगळली की वेग. क्लच रिक्षासारखा, गिअरच्या दांड्यावरच. स्टिअरिंगवर ट्रॅक्टरसारखा लाकडी गोळा, एका हातानं वळवता यावं म्हणून.

शेजारचे रंगूमामा रोज दूध घालून परतताना थांबायचे. "तोंड मगरीचं न् ढुंगण मुंगीचं. दूध किती देती रे ही?"

"तुमच्या म्हशीपेक्षा जास्त, मामा. पाणी न घालता," वाल्मिक म्हणायचा.

पहिल्यांदा मला धरणाजवळच्या भातसानगरच्या वसाहतीत नेलं. रविवार होता, सरळ रस्ता, रिकामा. वाल्मिकनं मूठ पिरगळली. शेखर मागून मोटारसायकलवर. वसाहतीच्या टोकाला थांबल्यावर वाल्मिकनं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "शेखऱ्या, वारा लागला रे तोंडाला." त्या दिवशी मला वाटलं, माझ्यासारखी गाडी शहापूर तालुक्यात नाही. तिथून माझं डोकं फिरलं.

आता गादीचं सांगते. इस्पितळातल्या सिस्टरबाईंनी घरच्यांना दोन गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या. वाल्मिकनं कडक जागेवर बसायचं नाही, आणि दर अर्ध्या तासाला बैठक उचलायची. नाहीतर हाडाखालचं मांस मरतं आणि त्याला कळतही नाही. खुर्चीत तो स्वतः दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचा. पण माझी जागा फोटोतल्यासारखी अरुंद. कोपर टेकायला वाव नव्हता. माझ्यात बसला की त्याला शेखरनंच काखेत हात घालून उचलावं लागे. त्यासाठी शेखरच्या मोबाइलमध्ये अलार्म होता. खाली घालायला वाल्मिकनं स्कूटरच्या ट्यूबची हवेची गादी शिवली होती.

त्या गादीवर तो चार बोटं उंच बसायचा. छाती पत्र्याच्या वर यायची. शेखर म्हणायचा, "दादा, शर्यतीला चाललायस का बैलगाडीवर भारा घेऊन?" वाल्मिक हसायचा. खरं सांगते, मलाही ती गादी नकोशी होती. फोटोतला माणूस आत रुतून बसलेला असायचा, नुसतं डोकं आणि खांदे दिसायचे. माझी ऐट त्यात होती.

पौषात म्हशाची, म्हणजे म्हसा गावची, जत्रा भरते, मुरबाडच्या बाजूला. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे. शेखरनं ठरवलं, गाडी जत्रेला न्यायची. टेम्पोत चढवून. सकाळी दादाला आत बसवण्याआधी त्यानं हवेची गादी काढली, पडवीतल्या गवताच्या भाऱ्यामागं टाकली आणि खाली एक गोधडी दुमडून घातली. मी बघत होते. मला बरंच वाटलं.

टेम्पो हलल्यावर वाल्मिकनं विचारलं, "आज खाली बसल्यासारखं वाटतंय रे?"

"हवा जरा कमी केली. फोटोत बरं दिसतं."

वाल्मिकला खालचं काही कळत नव्हतं. भाऊ म्हणाला ते त्यानं खरं धरलं.

बैलबाजाराच्या कडेला आम्हाला उतरवलं आणि माणसं जमली. बैल बघायला आलेली माणसं बैल सोडून माझ्याकडं आली. वाल्मिक प्रत्येकाला दांडा दाखवायचा, मूठ पिरगळून दाखवायचा. कुबडीवरचा एक गृहस्थ दोनदा परत आला. "आमच्यासारख्याला जमंल?" वाल्मिक म्हणाला, "मला जमलं, तुमचा एक पाय तरी हाय!" सगळे हसले. इतकं खुशीत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

शेखर व्हिडिओ काढत होता. मध्येच अलार्म वाजला. त्यानं तो बंद केला. पुन्हा अर्ध्या तासानं वाजला, तेव्हा कायमचाच बंद करून टाकला. टेम्पोत बसवल्यापासून घरी उतरवेपर्यंत सात तास झाले. एकदाही उचललं नाही, आणि माणसांच्या नादात वाल्मिकलाही त्याची आठवण राहिली नाही. माझा पत्रा उन्हात चमकत होता आणि त्याच्या हाडाखाली माझी कडक बैठक होती. मी बोलू शकत नाही, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी त्या दिवशी मी बोलले नसते. लाज आहे ती याची.

पडवीला लागूनच न्हाणी. संध्याकाळी आंघोळ घालताना शेखरनं मध्येच तांब्या खाली ठेवलेला मला ऐकू आला.

"काय दिसतंय रे?" वाल्मिकनं विचारलं.

"काय नाय. मुंगी चावलीय."

मुंगी नव्हती. रुपयाएवढा लाल डाग होता, आणि तो दाबला तरी पांढरा होत नव्हता. असा डाग दिसला की त्याच दिवशी इस्पितळात आणा, असं सिस्टरबाईंनी बोट ठेवून शिकवलं होतं. शेखरला ते आठवलं. पण दाखवायला नेलं तर गादीचं विचारतील. त्यानं हळद-तेल लावलं. दुसऱ्या दिवशीही हळद. भावाला दिसत नव्हतं, दुखत नव्हतं. आईला आंघोळीचं काम कधी पडत नव्हतं. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी आईला वास आला. मग शहापूर, तिथून मुंबईकडचं मोठं इस्पितळ. पू हाडापर्यंत गेला होता, हाडातून रक्तात. फाल्गुनात, होळीच्या आधी, वाल्मिक गेला.

डॉक्टरांनी तिथं विचारलं होतं, कडक जागेवर किती वेळ बसले होते? आईला आठवलं, जत्रेच्या आदल्या दिवशी वाल निवडताना तिनं त्याला घडीभर जोत्याच्या दगडावर बसवलं होतं, गादी न घालता. ती तिथंच कपाळ बडवून घेऊ लागली. "मीच बसवला गो माझ्या लेकराला." शेखर शेजारी उभा होता. गादीचं त्यानं तिथंही सांगितलं नाही.

दिवसकार्य झालं, बायका येत राहिल्या. शेजारची रत्नाकाकी म्हणायची, "आई हायस तू, मुद्दाम थोडीच केलंस?" ही समजूत ऐकून आई अजून खाली बघायची. शेखर माझ्या चाकाला टेकून बसलेला असायचा आणि ऐकायचा. मला कुणी काही बोललं नाही. उलट म्हणायचे, पोरानं गाडी काय केली!

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. मेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी पाण्याची घागर भरतात, पानावर नैवेद्य ठेवतात. वाल्मिकची ही पहिलीच. आईनं कुंभाराकडून घागर आणली आणि रत्नाकाकीच्या हातात दिली.

"तू भर. माझ्या हातचं पाणी त्याला पोचायचं नाय. ह्याच हातानं दगडावर बसवला त्याला."

शेखर उठला. "आये, तू नाय. मी."

"काय मी?"

"गादी मी काढलेली. जत्रेला. खाली नुसती गोधडी."

आईला आधी कळेना. "पण उचलला होतास ना मधीमधी?"

"नाय."

"एकदा पण नाय?"

"नाय."

"किती येळ?"

"सात तास."

"आन् डाग?"

"त्याच सांजेला दिसला."

"आन् मला बारा दिवसांनी सांगितलास?"

"सांगितला नाय, आये. तुला वास आला."

रत्नाकाकीच्या हातातून आईनं घागर काढून घेतली. विहिरीवर गेली, स्वतः भरून आणली, पान मांडलं. सगळं होईपर्यंत तिनं शेखरकडं बघितलं नाही. मग म्हणाली, "रत्नानं ऐकलं. बाकीच्यांना तू सांगायचं. ज्या ज्या घरातल्या बाया माझी समजूत काढाया आल्या, त्या सगळ्या घरी जा. मी नाय सांगणार."

तो गेला. अकरा घरं होती. कुठं दारातूनच परत पाठवलं, कुठं पाणी दिलं. रंगूमामा तेव्हापासून या वाटेनं येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेखरनं मला कापायला गॅस कटर आणला. आईनं नळी बंद केली. "कापलीस की झालं? त्याचे हात लागलेत हिला. रस्त्याला नेऊन ठेव. कोन पन थांबून इचारंल तवा तुझ्या तोंडानं सांग."

आता मी रस्त्याच्या कडेला, जांभळाखाली उभी असते. आई शेखरला जेवायला वाढते, पण त्याच्यासमोर बसून जेवत नाही. रविवारी धरणाकडं, गडांकडं जाणारी माणसं मला बघून थांबतात. आत बसायचंय म्हणतात. शेखर येतो. "बसा. पण आधी ऐका," म्हणतो, आणि पहिल्यापासून सांगतो. अलार्म बंद केला, तिथपर्यंत नीट सांगतो. पुढं अडतो. मग गादी काढली तिथून पुन्हा सांगतो. बहुतेक माणसं मग बसत नाहीत.

तुमच्या घरी कुणी असं बसून असेल, तर आधी त्याला उचला. त्याच्या अंगावर डाग दिसला तर त्याच दिवशी सांगा, मग तुमच्याबद्दल कोण काय म्हणेल ते म्हणू दे. आणि या वाटेनं आलात तर थांबा. फोटो काढायचा तर काढा. फक्त त्याचं सांगून होईपर्यंत मला छान म्हणू नका.