मॅडमची लकी बाटली

मी बाटली बोलतेय. नाक मुरडू नका, मी ‘तसली’ बाटली नव्हे! जाड काचेची, निळ्या झाकणाची, प्रयोगशाळेतली. एके काळी इथे माझा काय तोरा होता म्हणून सांगू! आता कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असते आणि पोटावर पट्टी आहे, ‘वापरू नये’.

मी आले तेव्हा खोक्यात माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. आम्ही सगळ्या मॅडमच्या खोलीत लागलो. मॅडम काळ्या आजारावर संशोधन करायच्या. बारीकशी माशी चावते, तिच्यातून जंतू अंगात शिरतात, मग ताप हटत नाही, पोट फुगतं आणि माणूस वाळत जातो. जुनं इंजेक्शन कित्येकांना लागू पडेनासं झालं होतं. मॅडमना नवं औषध शोधायचं होतं. “तुझा खरा संसार त्या किड्यांशीच,” असं सासूबाई म्हणायच्या म्हणे, आणि मॅडम ते हसत हसत सगळ्यांना सांगायच्या.

आमच्याकडचे जंतू एका गवंड्याच्या अंगातून काढलेले होते. शेजारच्या दवाखान्यात तो सुई घ्यायला यायचा आणि जाताना आमच्या दारात डोकवायचा.

“काय मॅडम, माझी पिलावळ जेवली का?”

“जेवली हो. तुम्ही जेवलात का?”

“तीच एवढं खाते, मला कुठून भूक लागणार!”

नवं औषध पहिल्यांदा विरघळवलं ते माझ्यात. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर सगळे जंतू मरून पडलेले. मॅडम उठल्या त्या थेट मावशींच्या गळ्यात पडल्या. मावशी म्हणजे आमच्या बाटल्या धुणाऱ्या. “मावशी, ही बाटली लकी आहे. औषध करायचं ते हिच्यातच!”

आता बघा, दहादा तपासल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी ही बाई, पण परीक्षेच्या पेनासारखी मला जपायला लागली. औषध नेहमी माझ्यात. तुलनेसाठी लागणारं बिनऔषधाचं पाणी मात्र हाताला लागेल त्या बाटलीत. माझ्यातल्या थेंबांनी जंतू पटापट मरायचे, त्या पाण्यात मजेत पोहायचे. मी तर हवेतच होते.

मावशींचं प्रेमही नुसतं उतू चाललेलं. बाकीच्यांना चिमूटभर पावडर, मला मूठभर. “माझ्या मॅडमची आहेस गं बाई तू,” म्हणत खसाखसा घासायच्या. आतून मी पार खरखरीत झाले.

मध्ये गवंड्याचा आजार उलटला. इंजेक्शनाचा काही उपयोग होईना. काठी टेकत आला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या औषधात माझा नंबर पहिला लावा बरं का.”

“तुमचाच आहे. आधी उंदरांवर गुण दिसू दे. तोवर जरा धीर धरा.”

“धरतो की. ओल्या भिंतीवर घाई करून चालत नाही, मला का कळत नाही?”

पण उंदरांवर औषध चालेचना. अशात एकदा मी धुऊन वाळत होते म्हणून मॅडमच्या सहकाऱ्याने औषध दुसऱ्या बाटलीत केलं. जंतू जिवंत! “तुमचंच काहीतरी चुकलं असेल,” मॅडम चिडून म्हणाल्या. त्याने पुन्हा केलं. पुन्हा जिवंत. मग मॅडमनी माझ्यात नुसतं पाणी भरलं आणि त्याचे थेंब जंतूंवर टाकले.

सकाळी सगळे मेलेले.

औषधात काही दमच नव्हता हो! माझ्या खरखरीत पोटात चिकटून राहिलेला साबण त्यांना मारत होता. इतक्या वर्षांची मेहनत मातीत गेली. मॅडमनी माझ्या आत बोट फिरवलं, ते बुळबुळीत लागलं. “साबण,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“का, संपला का?” मावशी धावत आल्या. “आणते मी.”

मॅडमनी त्यांना खरं कधीच सांगितलं नाही. ‘बाटली जुनी झाली’ म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने माझ्यावर ती पट्टी चिकटवली.

गवंड्याला मात्र सांगावंच लागलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे परत पायापासून?”

“हो. पायापासून.”

“तुमची भिंत होईल मॅडम,” तो म्हणाला. “मी काही ती बघायला नसणार.” रागावला असता तर बरं झालं असतं. मॅडम त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या आणि परत येऊन कितीतरी वेळ नळ सोडून नुसत्या हात धूत राहिल्या.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. गवंडी गेला. मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्या खालच्या फळीवरची बाटली काढली. तिच्यात त्याचे जंतू आहेत. सूक्ष्मदर्शकातून पाहताना त्या मोठ्याने रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी जंतूंना ताजं खाणं घातलं. न घालून सांगतात कुणाला? हे मेले तर पुन्हा सुरुवात तरी कशावर करणार?

त्यांच्या मनात काय चाललं होतं, मला काय ठाऊक! माझं म्हणाल तर मला इथून न्या आणि फोडून टाका, एवढंच मागणं आहे. तो माणूस मातीत गेला आणि त्याला खाणारे इथे खाली वळवळतायत, ताजेतवाने. मी पडले काच. मला डोळेही मिटता येत नाहीत.