भरलेले गाल

यादिराला संशय घ्यायला निमित्त लागत नाही, हे तिचं सासर पुरतं ओळखून होतं. पण या वेळी निमित्त होतं. पोर पाच महिन्यांची, हृदयाला भोक, आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं: अंगावर मांस चढू द्या, पाच किलोची झाली की लगेच ऑपरेशन. इतक्या रोडक्या जिवाला जखम भरून यायला बळ कुठून येणार? म्हणून दुधाची भुकटी डब्यावर लिहिलंय त्याहून दाट कालवायची होती. कालवायच्या सासूबाई, सोलेदादबाई. वजन काही हलेना. झालं! यादिरा बाटली उजेडात धरून बघू लागली.

"आई, पाणी जास्त पडलं का हो?"

"हो ना, अख्खी विहीर ओतली!" सासूबाई फणकारल्या. "माझी नात आहे ती, शेजाऱ्याचं वासरू नाही."

आणि मग आठवड्याभरात काटा सरसर वर गेला. पाच किलोला टेकला. सासूबाईंनी पोरीचे गुबगुबीत गाल कुरवाळले, डोळे पुसले नि शेजारपाजाऱ्यांसाठी मक्याच्या पिठाचे तामालेस वाफवायला ठेवले. यादिराचा नवरा एफ्राइन तर काट्याचा फोटो साऱ्या गल्लीला दाखवून आला. ऑपरेशनची तारीखही मिळाली.

यादिरा मात्र पोरीकडे बघत बसली. पोर निम्मं दूध टाकत होती. दोन घोट घेतले की कपाळावर घाम. लंगोट कोरडेच. पापण्या जड, रडून झोपल्यासारख्या. पोटात कमी जातंय आणि वजन वाढतंय, हे कुठलं गणित?

"आई, हे मांस नाही. काहीतरी भलतंच आहे."

"धन्य आहे बाई तुझी! वजन वाढत नव्हतं तेव्हा संशय माझ्यावर. आता वाढलं तर संशय पोरीवर!"

"इस्पितळात उगाच तोंड उघडू नकोस," एफ्राइन म्हणाला. "ही तारीख गेली तर पुन्हा केव्हा मिळेल?"

तेच तर भय होतं. बोलावं तर तारीख जाणार, गप्प राहावं तर कदाचित पोर. इस्पितळात नर्सनं आकडा वाचला, "शाब्बास गं बायो!" म्हणाली आणि ऑपरेशनच्या कागदावर सहीसाठी पेन पुढे केलं. यादिरानं पेन घेतलंच नाही.

"डॉक्टरीणबाई, ही दूध पीत नाही हो. मग वाढली कशानं?"

डॉक्टरीणबाईंनी पापण्या पाहिल्या, बरगडीखाली बोटं दाबून बघितली. त्यांचं हसू मावळलं. "अंगात पाणी साठलंय. हृदय थकलंय हिचं. आत्ता कापणं म्हणजे जिवाशी खेळ."

ऑपरेशन थांबलं. औषधानं पाणी उतरलं, गाल ओसरले, आणि काट्यावर पोर पूर्वीपेक्षाही हलकी निघाली. आता तिला इथेच ठेवून नाकातल्या नळीनं दूध देणार होते, अंगात बळ येईपर्यंत. येईल की नाही, ते कुणी सांगेना.

यादिरा भिंतीशी बसून हमसून हमसून रडली. आपलं खरं ठरलं याचं सुख कणभरही नव्हतं. सासूबाई गुडघे धरत शेजारी टेकल्या.

"मला वाटलं गं, माझ्या हाताला यश आलं," त्या म्हणाल्या. मग सुनेचा हात घट्ट धरून पुटपुटल्या, "तू घे संशय. त्या नळीवर घे, डॉक्टरांवर घे, माझ्यावरही घे. आता तुला कुणी गप्प बस म्हणालं, तर मी आहे."