मोगऱ्याच्या वाफ्यातलं बिननावाचं झाड

मी एक जुनं खुरपं आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा चिडकं आहे. तुम्ही म्हणाल, खुरप्याला कसला आलाय राग? ज्याला सगळं समजतं पण तोंड नाही, त्याचं काय होतं ते ऐका.

माझा जन्म पालघरच्या बाजारातला. बन्सी लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल केला, ठोकला, वाकवला आणि त्याला बाभळीची मूठ बसवली. चिंचणीच्या नलूने मला विकत घेतलं ते १९७४ साली. तिच्या घरामागे मोगऱ्याचे बारा वाफे होते. नवरा गेल्यावर तिचं घर त्या वाफ्यांवरच चालायचं. सकाळी कळ्या खुडायच्या, वेण्या गुंफायच्या आणि टोपली घेऊन बोईसर स्टेशनाबाहेर बसायचं. मोगरा गेला असता, तर नलूकडे दुसरं काही उरलं नसतं.

नलू मालकीण खरी, पण माझी मूठ गुळगुळीत केली बायडीने. ती वाणगावच्या पलीकडच्या डोंगरपाड्यावरची. स्वतःच्या भाताची लावणी उरकली की ती नलूकडे निंदणीला यायची. वाफ्यात उकिडवी बसायची आणि एकेका रोपाशी बोलायची. "हा टाकळा, भाजीला ठेवू. हा आघाडा, दातदुखीला. ही हराळी, हिला दया दाखवायची नाय."

"बायडे, तू गवत काढतेस का शाळेत हजेरी घेतेस?" नलू हसायची. ती वर्षं सुखाची होती. माझी धारही तेव्हा बघण्यासारखी होती.

१९८३ साली विहिरीजवळचा खड्डा बुजवायला नलूने ट्रकभर माती आणवली. बोईसरला नवी घरं बांधत होते, तिथली. महिन्याभरात त्या मातीतून एक रोप वर आलं. मग वीस आली. मग ती मोगऱ्यात शिरली.

बायडीचा हात पहिल्यांदाच थांबला. "हा कोन?" तिने पान चुरगळून वास घेतला. शेजारची शेळी ओढून आणली. शेळीने रोप हुंगलं, शिंकली आणि दोरीवरचा नलूचा टॉवेल चघळायला लागली.

"नलूबाय, शेळी टावेल खाते, पन ह्याला तोंड लावत नाय. आमच्या डोंगरात ह्याला नावच नाय. फुलायच्या आदी काढून टाकू."

"अगं, पान बघ की! गाजराचं हाय. मातीतनं बी आलं असंल. राहू दे."

झालं! आम्ही गाजरांची वाट बघत बसलो. माझी धार त्या मुळांना रोज घासून जात होती. खाली गाजर नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण सांगणार कोणाला? शेवटी नलूने एक उपटून पाहिलं, तर खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. तोवर झाडं फुलली होती. साबुदाण्याएवढी पांढरी फुलं, झुबक्या-झुबक्यांनी.

दसरा जवळ आला होता. मोगरा पावसाने थकलेला. अबोली होती, पण वेणीत मध्ये घालायला पांढरं काही नव्हतं. नलूचे डोळे चमकले. "देवानेच पाठवलं गं!"

"देवाने पाठवलं, तर शेळी का शिंकली?" बायडी म्हणाली. पण मालकिणीचा शब्द. तिने नलूबरोबर ती फुलं खुडली, आणि मला त्या झाडांना वळसा घालून चालवलं. आजवर एवढा अपमान माझा झाला नव्हता.

अबोलीत पांढरे ठिपके घातलेल्या त्या वेण्या दुपारपर्यंत संपल्या. तिसऱ्या दिवशी मंदा नावाची गिऱ्हाईक दारात उभी. मान लालबुंद. "नलू, वेणीत काय खाजकुयली गुंफलीस?"

नलूची स्वतःची बोटं सुजली होती. तिने झाडाकडे बघायला हवं होतं. तिने बायडीकडे बघितलं. "तुझ्याच हाताला रानातलं काय तरी लागलं असणार. फुलं तू पन खुडलीस ना?"

बायडीने मला पायरीवर हळूच ठेवलं. "बरं, नलूबाय," म्हणाली आणि गेली. तिने मला आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढचे आठ महिने सरपणाच्या ढिगात मला गंज चढत राहिला. त्या झाडांची मात्र चंगळ होती. उन्हाळ्यात नलूने ती हाताने उपटली. उपटली कसली, झटकली! बी सगळं वाफ्यात आणि वाळक्या काड्या कुंपणाबाहेर. आषाढात मोगऱ्याखाली हिरवी सतरंजी पसरली. कळ्या मूठभरही निघेनात.

तेव्हा कुठे मला बाहेर काढलं. नलूने एक रोप मातीसकट खणलं आणि त्याच पिशवीत मला टाकून पालघरचं शेतीचं ऑफिस गाठलं. तिथल्या साहेबाने रोप लांबूनच ओळखलं. "हे गाजरगवत. नुसत्या हाताने धरू नका, अंगावर उठतं. फुलायच्या आधी मुळासकट काढा."

"फुलायच्या आदी," नलू पुटपुटली. परतताना ती बोईसरला उतरलीच नाही. वाणगावला उतरली.

बायडी गुडघाभर चिखलात भात लावत होती. तिने मान वर केली नाही.

"बायडे, चुकलं माजं."

"माजी लावनी हाय. बोलायला येळ नाय."

नलूने पिशवी बांधावर ठेवली, लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. तिची बोटं भराभर चालली, पण रोपं एकमेकांना चिकटून.

"नलूबाय, वेनी गुंफतेस काय? लांब लांब लाव. गुदमरतील ती."

दोन दिवस नलू तिथेच राहिली. शेवटचं खाचर संपलं तेव्हा बायडीने पाय धुतले आणि विचारलं, "फुललंय काय?"

"नाय अजून. कळी धरलीय."

"मग बसलीस काय? चल."

दोघींनी हाताला फडकी गुंडाळली आणि आठ दिवस एकेक मूळ काढलं. बारातले सात वाफे वाचले. पाच गेले. ते मला अजून डाचतात, कारण ते वाचवता आले असते.

म्हणून, मित्रांनो, एकच सांगणं. पन्नास झाडं नावानिशी ओळखणारी बाई एक्कावन्नाव्याला "हे मला ठाऊक नाही" म्हणाली, तर तिला अडाणी समजू नका. ते झाड बाहेरचं आहे, ही सगळ्यात मोठी खूण तिने तुम्हाला सांगितली आहे. हाताला फडकं बांधा, मला बाहेर काढा आणि त्याच दिवशी तिच्या शेजारी जाऊन बसा.